बंगल्यातल्या चित्रातला माणूस

१९७४ साली माझी बदली सानगडीच्या पुढच्या एका तलावावर झाली. मी कालवा निरीक्षक होतो. पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून फिरायचं, पाणी किती चढलं ते लिहायचं, आणि धान पोटरीवर आलं की आधी कोणाच्या बांधीत पाणी सोडायचं यावरची भांडणं ऐकायची, एवढंच माझं काम. पाळीच्या टोकाला इंग्रजांच्या वेळचा एक कौलारू बंगला होता. तपासणीला येणारे साहेब लोक तिथं उतरायचे. मागच्या अंगाला एक खोली होती, ती मला मिळाली.

बंगल्यावर दोनच माणसं कामाला होती. डोमा खानसामा आणि झाडलोट करणारी रेवताबाई. डोमा बोलघेवडा. रेवताबाई मात्र विचारलं तरच बोलायची, आणि तेही खाली पाहून. वय पस्तीसच्या आसपास असावं. ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातली, तलावाच्या पलीकडच्या त्यांच्या वस्तीत, टोलीवर राहायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती हॉलमध्ये एका मोठ्या चित्रासमोर फडकं हातात घेऊन उभी होती. पुसत नव्हती, नुसती उभी होती. मी खाकरलो तशी बाजूला सरली.

चित्र जहाजांचं होतं. सागवानी चौकटीत, काचेमागं. दोन जहाजं अगदी जवळ, शिडं फुगलेली, एका कुशीवर कललेली, आणि मागं धुक्यात तिसरं, पुसट. पाणी काळंहिरवं. डेकवर माणसं मुंग्यांएवढी. खाली इंग्रजीत एक ओळ होती, पण तिचा अर्धा भाग वाळवीनं खाल्ला होता. कोणत्या साहेबानं ते तिथं आणून लावलं हे कोणालाच माहीत नव्हतं.

बंगल्यात येणारा प्रत्येक जण त्या चित्रावर काही ना काही बोलायचा. संध्याकाळी चहा पिताना नजर तिथंच जायची, दुसरं पाहायला होतं काय. एक साहेब म्हणाले, ही चीनहून चहा घेऊन निघालेली जहाजं, जे आधी पोचेल त्याच्या चहाला भाव जास्त, म्हणून ही शर्यत. दुसऱ्या एकांनी सांगितलं, छे, ही हौसेची शर्यत आहे, श्रीमंत लोकांची. एका इंजिनियर साहेबांची नवी नवरी सोबत आली होती. त्यांनी तिला विचारलं, कोणतं जिंकेल सांग. ती म्हणाली, पुढचं, ते पुढं आहेच की. सगळे हसले. रेवताबाई तेव्हा दाराशी केरसुणी घेऊन बसली होती. ती हसली नाही. तिनं मान हलवली, अगदी थोडी, पण मला दिसली.

साहेब गेल्यावर मी तिला विचारलं, मघाशी मान का हलवली. ती चित्राजवळ गेली आणि काचेला बोट न लावता दाखवू लागली.

पुढच्या जहाजाचं खालचं शीड पाहा, म्हणाली, ओल्या धोतरावानी लोंबून राहिलं. वारा मागून नाही, बाजूनं आहे. लाटांचा फेस कोणत्या बाजूला सांडतो त्यावरून कळतं. लगतचं मागचं जहाज वाऱ्याच्या अंगाला आलं आहे, त्यानं पुढच्याचा वारा खाल्ला. आता थोड्या वेळात मागचं पुढं जाईल. चित्र काढणाऱ्यानं ते व्हायच्या आधीच हात थांबवला.

मी थक्क झालो. समुद्र आम्हा दोघांपैकी कोणीच पाहिला नव्हता. मी तर रामटेकच्या पुढं गेलो नव्हतो. मी म्हटलं, बाई, तुम्हाला चांगलंच कळतं. त्यावर ती म्हणाली, "सारे जहाजंच पाहतेत, बाबूजी. ह्या मानसाकडे कोनीच पाहत नाई."

कोणता माणूस म्हणून मी पुढं झालो. डाव्या कोपऱ्यात, खाली, जहाजांच्या मागं पाण्यात एक काळा ठिपका होता. उडदाच्या दाण्याएवढा. त्याच्या वर आणखी एक बारीक रेघ. मी कित्येकदा ते चित्र पाहिलं होतं, पण ते कधी ध्यानात आलं नव्हतं. ती म्हणाली, हे डोकं, आणि हा हात. जहाजावरची माणसं एकमेकांकडं पाहत आहेत, कोण पुढं कोण मागं. पाण्याकडं कोणाचं लक्ष नाही. हा त्यांच्यापैकीच कोणीतरी पडला आहे.

मी निरखून पाहिलं. डोकं म्हटलं तर डोकं होतं.

त्या दिवशी डोमानं स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मला सगळी हकिगत सांगितली.

तीन वर्षांपूर्वी, पोळा होऊन गेल्यावर, तलाव काठोकाठ भरला असताना एक मोठे साहेब मुक्कामाला आले होते. निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. माणूस वाईट नव्हता, डोमानं हे दोनतीनदा सांगितलं. दुपारभर त्या चित्रासमोर बसून होते, आणि मग त्यांना वाटलं की आपल्या तलावावरही अशी शर्यत व्हावी. ढिवरांचे डोंगे म्हणजे कोरलेल्या लाकडाच्या अरुंद होड्या, बांबूनं रेटायच्या. त्यांना शीड कधी कोणी लावलेलं नाही. पण साहेबांनी सांगितल्यावर डोमानंच कपाटातल्या चार पांढऱ्या चादरी काढून दिल्या. बांबू बांधले, चादरी ताणल्या. जो पलीकडच्या काठाला शिवून आधी परत येईल त्याला नायलॉनचं जाळं द्यायचं ठरलं. नायलॉनचं जाळं तेव्हा नवलाईची गोष्ट होती.

चार जण उतरले. रेवताबाईचा नवरा आसाराम, त्याचा चुलतभाऊ भैयालाल, इश्वर नावाचा एक तरणा गडी आणि त्याचा काका. अख्खी टोली पाळीवर जमली होती. रेवताबाईही होती, मुलीचा हात धरून. आसारामानं दोन्ही हात बांबू मारायला मोकळे राहावे म्हणून चादरीचं एक टोक कमरेला बांधलं होतं. जाताना सगळं ठीक झालं. परतताना पश्चिमेकडून वाऱ्याचा झोत आला. पाळीवरून पाहणाऱ्यांना पांढऱ्या चादरी तेवढ्या दिसत होत्या. चारातली एक दिसेनाशी झाली. लोकांना वाटलं, बांबू मोडला असेल. ढिवराचा माणूस पाण्यात बुडतो असं कोणाच्या मनात येणार?

भैयालाल पहिला आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. आसाराम दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाच्या देठांत अडकलेला सापडला. चादर अंगाला गुंडाळलेली होती. तीच चादर त्याच्यावर टाकून त्याला नेला, डोमा म्हणाला, मी परत मागितली नाही.

साहेब दोन दिवस जेवले नाहीत. जाण्याआधी त्यांनी रेवताबाईला बंगल्यावर कामाला लावण्याचं पत्र लिहून दिलं. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. महिन्याभरानं नागपूरहून भैयालालच्या नावानं जाळ्याचं गाठोडं आलं. त्यानं ते सोडून पाहिलंही नाही. घराच्या आढ्याला टांगून ठेवलं.

म्हणजे ज्या चित्रावरून हे सगळं घडलं, ते चित्र रोज पुसण्याचं काम तिच्याकडं आलं होतं. मी डोमाला विचारलं, तिला हे माहीत आहे का. तो म्हणाला, मीच सांगितलं, आणि सांगून चूक केली.

त्यानंतर मी तिच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. ती तशी रडणारी बाई नव्हती. काम चोख. गुलाब नावाची मुलगी होती, तिचं लग्न पुढं दिघोरीला लावून दिलं, ते भैयालालनंच पुढाकार घेऊन. तो तिच्यासाठी पुष्कळ करायचा. घर शाकारून द्यायचा, लाकडं फोडून आणायचा. रोज सकाळी तिच्या दाराशी पानात मासे ठेवून जायचा. ती ते मासे कधी शिजवत नव्हती, बंगल्यावर आणून डोमाला द्यायची. चुलत दिराशी तिचं भांडण नव्हतं, पण त्याच्या हातचं काही खातही नव्हती. असं का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पण त्या चित्रातल्या माणसाबद्दल ती आता पाहुण्यांनाही सांगू लागली होती. कोणी चित्रासमोर उभं राहिलं की हळूच म्हणायची, सायेब, कोपऱ्यात पाहा. काही जण पाहायचे आणि म्हणायचे, हो खरंच. एक साहेब तर म्हणाले की यामुळं चित्राला फार खोली आली. काही जण हसून सोडून द्यायचे. एका साहेबांनी तिला समजावलं की ते बोयरं असेल, समुद्रात खूण म्हणून तरंगत ठेवतात. तिनं ऐकून घेतलं. साहेब गेल्यावर मला म्हणाली, बोयऱ्याला हात असतो का?

१९७८ च्या उन्हाळ्यात, पाणी बरंच उतरलं होतं तेव्हा, एका दुपारी मी हॉलमध्ये बसून तक्ता भरत होतो. संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि भैयालाल दोन मोठ्या मरळ घेऊन आला. डोमा बाजारात गेला होता. भैयालाल व्हरांड्यातच थांबला, तो कधी आत पाऊल टाकत नसे. रेवताबाईनं त्याला आत बोलावलं. तो मासे हातात लोंबकळत धरून आला. मी उठणार होतो, पण तिनं मला हातानं बसा म्हणून खुणावलं. मला वाटतं, तिला कोणीतरी ऐकायला हवं होतं.

तिनं त्याला चित्र दाखवलं. वारा कुठून आहे, कोणतं जहाज पुढं जाणार, सगळं मला सांगितलं होतं तसंच. मग कोपऱ्यात बोट नेलं. तो वाकून पाहू लागला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. माशांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"ह्या जहाजावरच्या मानसाईनं ह्याले पाह्यलं असन का, भाऊजी?" तिनं विचारलं.

तो सरळ झाला, पण तिच्याकडं पाहिलं नाही. म्हणाला, "वहिनी, मी पाह्यलं होतं."

"काय पाह्यलं?"

"हात. हात वर केला होता त्यानं. मले वाटलं, चिडवून राहिला. आलोच मागून, म्हनून."

"एकदाच?"

"दोनदा."

"दुसऱ्या खेपेले काय वाटलं?"

भैयालालनं मासे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. मी हातातला टाक दौतीत ठेवला त्याचाही आवाज मोठा वाटला. मग तो म्हणाला, "दुसऱ्या खेपेले वाटलं, आता वळलो त इश्वर पुढे जाईन."

रेवताबाईनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ती त्याला शिव्या देईल, छाती पिटेल. तिनं तसं काहीच केलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, मासोळी आत ठेवून दे, गरमीनं खराब होईन. तो आत गेला, मासे ठेवले, मागच्या दारानं निघून गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी भैयालाल गावातून नाहीसा झाला. डोंगा खुंट्याला बांधलेला, जाळी वाळत घातलेली. तलावात शोधलं, विहिरी पाहिल्या, काही मिळालं नाही. कोणी म्हणालं तुमसरच्या बाजूला खाणीत दिसला, कोणी म्हणालं रायपूरच्या गाडीत बसताना पाहिला. खरं काहीच निघालं नाही.

त्याची बायको सखाबाई बंगल्यावर आली. धिप्पाड, मोठ्या आवाजाची, रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई, पण त्या दिवशी हळू बोलत होती. माझ्या नवऱ्याला काय सांगितलं म्हणून तिनं विचारलं. रेवताबाईनं एक शब्द न वगळता सगळं सांगितलं. ऐकून सखाबाई खांबाला टेकून खाली बसली.

"मले त त्यानं त्याच दिवशी सांगतलं होतं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, वहिनीले सांगू नोको. तिले सांगशीन त तिचं काय भलं होईन? सात वर्स तो झोपला नाई धड. मी पाहत होती न. तसाच राह्यला असता. पन घरी राह्यला असता."

सखाबाई गेल्यावर रेवताबाई नेहमीसारखी झाडू लागली. एकच खोली दोनदा झाडली.

तेव्हापासून टोलीवरचे लोक तिच्याशी बोलेनासे झाले. आसाराम बुडाला तेव्हा सगळे तिच्या बाजूचे होते. आता म्हणत, मेलेल्यासाठी तिनं जिवंत माणूस घालवला. दाराशी मासे ठेवणारं कोणी उरलं नाही. पावसाळ्यात घर गळू लागलं तेव्हा मी दोन मजूर पाठवले, ते आले आणि काम अर्धं टाकून गेले. ती बंगल्याच्या व्हरांड्यात झोपू लागली. चित्रासमोर मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायची. एकदा म्हणाली, ह्याच्यामुळं तर खरं काय ते कळलं, हा नसता तर मी मरेपर्यंत अंधारात राहिली असती. तेवढाच तिला आधार होता, असं मी समजत होतो.

१९८१ मध्ये बंगल्याची रंगरंगोटी निघाली. चित्राची काच तडकली होती, मागची फळी वाळवीनं पोखरली होती. ते साकोलीला नेऊन नीट करून आणायचं काम माझ्याकडं आलं. मी ते गोणपाटात गुंडाळून बसच्या टपावर टाकलं. बाबुलाल नावाचा एक चौकटवाला होता, म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा. त्यानं खिळे उपटले, काच काढली, चित्र टेबलावर मोकळं ठेवलं. काचेशिवाय ते फारच लहान आणि फिकं वाटलं. त्यानं एक फडकं जरासं ओलं केलं आणि वरच्या बाजूनं हलक्या हातानं धूळ टिपत खाली येऊ लागला.

फडकं डाव्या कोपऱ्याकडं चाललेलं मला दिसत होतं. तिथं काय आहे ते मला माहीत होतं. थांबा, म्हणायला एक क्षण पुरला असता. मी म्हटलं नाही. कदाचित मलाही एकदा कळून घ्यायचं होतं. बाबुलालनं ठिपक्यावर फडकं दोनदा फिरवलं आणि ठिपका, त्यावरच्या रेघेसकट, निघून आला. खाली साधं हिरवं पाणी होतं. फडक्यावर काळसर डाग उमटला होता. ओल धरली होती जी, तो म्हणाला, बुरशी आहे, बरं झालं आणलं, नाहीतर सगळीकडं पसरली असती.

परत आल्यावर मी आणि डोमानं चित्र जागेवर लावलं. नवी काच चकाकत होती. रेवताबाई चुना लागलेली फरशी घासत होती, ती हात पुसत उठून आली. आधी जहाजांकडं पाहिलं, मग खाली कोपऱ्यात. मग माझ्याकडं.

मी तिला खरं ते सांगितलं. बुरशी होती, पुसली गेली. चित्रात माणूस नव्हताच.

"नव्हताच?"

"नव्हता."

ती खाली बसली. म्हणाली, "मंग मी भैयालालले कायले इचारलं?"

मी म्हटलं, बाई, चित्रात नव्हता, पण तलावात तर होता. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. तुमचं विचारणं खोटं नव्हतं. हे मी बरंच समजावून सांगितलं, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. पण तिला ते लागू पडलं नाही. ती एवढंच म्हणत राहिली की कोणीच नव्हतं तिथं, आणि मी भैयालालला तिथं उभा केला. त्या महिन्याच्या शेवटी तिनं काम सोडलं. मुलीकडं दिघोरीला गेली असं डोमानं सांगितलं. पुढं दोन वर्षांनी माझी बदली पवनीकडं झाली.

१९८७ च्या हिवाळ्यात एका जमिनीच्या मोजणीसाठी मी पुन्हा सानगडीला गेलो. बाजाराचा दिवस होता. मासळीच्या रांगेत एका गोणपाटावर दोन बाया सुकी मासोळी घेऊन बसल्या होत्या. एक सखाबाई होती, केस पांढरे झालेले, पण कपाळावर कुंकू तसंच रुपयाएवढं. तिच्या बाजूला रेवताबाई. आधी ओळखूच आली नाही, इतकी वाळली होती. डोळ्यांत फूल पडलं होतं, हातानं चाचपून मासोळी टोपलीतून काढून द्यायची. तराजू सखाबाईच्या हातात.

मी ओळख सांगितली. सखाबाईनं जागा करून बसायला लावलं. गुलाबच्या सासरी धड झालं नाही, ती म्हणाली, आणि मीच हिला जाऊन घेऊन आली. मी एकटी, ही एकटी. दोन चुली कायला पेटवायच्या. रेवताबाई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मी तिला नाव घेऊन हाक मारली, तिनं मान हलवली, पण मला ओळखलं असं वाटलं नाही.

निघताना सखाबाईनं कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड काढलं. तुम्ही सरकारातले, म्हणाली, म्हणून विचारते. कार्डावर भैयालालचं नाव अजून आहे. पटवारी म्हणतो कमी करा, नऊ वर्षं झाली, माणूस नाही तर नाव कशाला. कमी करायचं की ठेवायचं?

सात वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर कायदा त्याला मेलेला धरू शकतो, हे मला माहीत होतं. मी कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करत बसलो. माझ्याआधी रेवताबाईच बोलली, समोर कुठंतरी पाहत.

"राहू दे, सखा. खोडू नोको."

सखाबाईनं माझ्या हातून कार्ड घेतलं, पुन्हा नीट गुंडाळलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिनं तराजू उचलला, रेवताबाईनं टोपलीत हात घातला, आणि मी बसच्या थांब्याकडं निघालो.